दोन कड्यांची साखळी

“साखळी आणखी आखूड? अगं, दोन्ही टोकं एकमेकांवर आदळतील,” डॉ. सबनीस म्हणाले. “महिनाअखेरीला प्रकल्प बंद होतोय, मृदुला.”

मृदुलाच्या औषधाचा रेणू दोन टोकांचा होता. एक टोक कर्करोगाच्या पेशीतलं घातक प्रथिन पकडायचं, दुसरं त्याची विल्हेवाट लावायला पेशीचीच सफाई यंत्रणा बोलवायचं. मधे दोन्ही टोकं जोडणारी, एकसारख्या कड्यांची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी. दोन वर्षांत नऊ लांब साखळ्या फसल्या होत्या.

“सर, टोकांना मोकळीक जास्त झालीय, म्हणून पकडलेलं प्रथिन यंत्रणेपर्यंत पोचतच नाही. मी दोनच कड्यांची साखळी करून बघते.”

“बघ. पण तीन आठवडेच आहेत.”

महिनाअखेरीला तिनं पेशींतल्या त्या प्रथिनाची छाप उमटवणारी फिल्म त्यांच्यापुढे ठेवली. औषध न दिलेल्या पेशींच्या रकान्यात प्रथिनाचा जाड काळा पट्टा होता. औषध दिलेल्या रकान्यात तो नव्हताच.

सबनीसांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “काहीतरी चुकलं असेल. परत कर.”

“तीनदा केलंय, सर.” तिनं उरलेल्या दोन फिल्म शेजारी मांडल्या.

सबनीस खुर्चीत मागे रेलून हसले. “मग एका कडीची कधी करतेस?”