मूठमाती

हैतीत, जाकमेलच्या वर डोंगरावर आमची वस्ती. तिथं कुणी बायकोवर मूठ उगारली की शेजारीण पातेलं बडवायची. ते ऐकून दुसरी, मग तिसरी, आणि वाजवत वाजवत सगळ्या त्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. गड्याची मूठ आपोआप उघडायची. ही रीत सेलिमेनमावशीनं घातली. पहिलं पातेलं तिनं स्वतःच्याच घरात वाजवलं, आणि पुढे काही वर्षं आमचे हात सर्वांत जास्त दुखले ते तिच्याच नवऱ्यापायी, आनेलिसपायी.

आज मावशीला पुरायला आम्ही पातेली घेऊनच आलो होतो. बँड नको, हेच वाजवा, असं ती सांगून गेली होती.

"काय दिवस होते गं!" रोझमेन म्हणाली. "या पातेल्याला इतके पोचे आलेत, भातच धड शिजत नाही."

"तुझा भात तेव्हा तरी कुठं शिजायचा?" मी म्हणाले, आणि रडता रडता आम्ही हसलो.

खड्ड्यापाशी म्हातारा आनेलिस मूठभर माती धरून उभा होता.

"टाक आता, आनेलिस," पाद्रीबाबा म्हणाले.

"टाकली की ती गेली," तो म्हणाला. लेकानं बोटं सोडवून पाहिली, पण मूठ सुटेना.

रोझमेननं पातेल्यावर डाव हाणला. मग मी. मग सगळ्यांनी.

म्हातारा दचकला. आणि जुन्या सवयीनं त्याची मूठ उघडली.