माळ्यावरची फट

गोटी पुन्हा फटीत गेली.

इंदुताईंनी कपाळाला आठी घातली. माळ्याच्या फळ्या मधे चांगल्या सपाट होत्या, पण भिंतीशी आल्या की कुठे एक बोट फट, कुठे तीन. फळ्या सरळ आणि जुनी दगडी भिंत वाकडीतिकडी. कडेने पट्टी ठोकून दोघींचं जमवायला मिस्त्री लावला, त्याला आज पंधरावा दिवस. एवढ्यात नया बाजारात अख्खं दुकान उभं राहिलं असतं.

"भैया, ये कोना तो वैसा का वैसा है," त्या म्हणाल्या.

"कल ठीक कर दूँगा, माताजी," मान वर न करता मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीशी हिंदी आणि घरच्यांशी मराठी, हा नियम ग्वाल्हेरच्या मराठी घरात कुणाला शिकवावा लागत नाही. पण इंदुताईंशी मराठी बोलायला आता घरात कुणी उरलं नव्हतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. राहता राहिला अंबरीश, एकुलता एक. तो रविवारी येणार होता आणि झोपायचा तो माळ्यावरच. एकदा पाय फटीत अडकून त्याच्या अंगठ्याचं नख निघालं होतं. तेव्हापासून ही कड करून घ्यायची म्हणत होत्या, ते राहूनच गेलं. आता तरी त्याच्या आधी फट बुजलीच पाहिजे, नाहीतर पोराला काय तोंड दाखवायचं? पहिल्या दिवशी त्यांनी हे सगळं मिस्त्रीला सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि पाय आखडून घेतला.

शेजारच्या अपर्णाने फोन करून आणलेला माणूस, म्हणून त्याला घरात घेतलं. गेल्या महिन्यातच एक दाढीवाला बॅग घेऊन सरळ आत शिरला होता. पलंगावर बसला काय, चहा मागू लागला काय! इंदुताईंनी ओरडून गल्ली गोळा केली. गल्लीतल्यांनी मात्र त्याला चोप द्यायचा सोडून पाणी पाजलं आणि खांद्यावर हात ठेवून बाहेर नेलं. लोकांना हल्ली चोराचीसुद्धा दया येते.

हा मिस्त्री तसा बरा होता. गुळगुळीत दाढी, खाली मान. कामचुकार म्हणावं तर रविवारीही हजर. काम मात्र बेताचं. हत्यारांवरची दुकानाची लेबलंसुद्धा अजून निघाली नव्हती. पट्टी भिंतीला टेकवायची, भिंतीच्या वळणावरून पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघेवर कापायची, एवढंच तर होतं. पण करवत तो लेखणीसारखी धरायचा. तळहाताला फोड आले तेव्हा इंदुताईंनीच खोबरेल दिलं. नजर तेवढी तयार होती. जिन्यावरची तुळई नव्या माणसाचं डोकं फोडल्याशिवाय राहत नाही. हा पहिल्याच दिवशी वाकून गेला होता.

चार वाजता चहा. मिस्त्रीला स्टीलच्या पेल्यात. तो पेला वेगळा, खिडकीत ठेवलेला. फडताळात निळ्या काठाची कपबशी होती, पण ती अंबरीशची. एकदा मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला, तेव्हा इंदुताईंनी फडताळाचं दार लावून घेतलं.

चहाबरोबर त्या अंबरीशचं काहीबाही सांगत बसायच्या. त्याचे हट्ट, त्याचं गोरखीच्या शाळेतलं बक्षीस, तेच तेच. मिस्त्री बिचारा ऐकायचा. "उसकी आवाज़ तक नहीं सुनी कब से," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. मग मिस्त्री उठून नळावर जायचा आणि तो एवढासा पेला बराच वेळ विसळत बसायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, मिस्त्रीलाही नाही. शाळेत निघताना अंबरीश कधी जातो म्हणायचा नाही. येतो गं आई, दोन्ही कड्या लाव, असं म्हणायचा आणि दुसरी कडी वाजेपर्यंत बाहेर उभा राहायचा. एवढासा जीव आणि आईची काळजी केवढी. सांगून सांगून ती गोष्ट झिजू नये असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बसली. इंदुताईंनी गुडघे टेकून गोटी सोडली. ती घरंगळत गेली, पट्टीला टेकली आणि थांबली. त्यांनी चारही कोपऱ्यांत सोडून पाहिली. त्यांना इतका आनंद झाला की पदराने त्या पट्टीच पुसू लागल्या.

"हो गया, भैया," त्या म्हणाल्या. "अब कल से मत आना."

मिस्त्रीने पटाशी उचलली, कोपऱ्यातल्या पट्टीखाली घातली आणि छान बसलेली पट्टी उचकटून काढली. नीचे दीमक है, म्हणाला, कल फिर से करना पड़ेगा. इंदुताईंनी चष्मा लावून पाहिलं. वाळवी कुठेच नव्हती. रविवार तोंडावर आला आणि हा काय खेळ मांडलास, म्हणून त्या त्याच्यावर बरसल्या. पण डोळ्यांत भुसा गेला असावा, तो सारखा डोळे पुसत होता. शेवटी त्यांनाच कसंतरी झालं. अच्छा, कल आ जाना, त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्याने हत्यारं पिशवीत भरली, तुळईखाली वाकून जिना उतरला आणि दारात घुटमळला.

"येतो गं आई," तो म्हणाला. "दोन्ही कड्या लाव."

इंदुताईंनी पहिली कडी लावली, मग दुसरी. तेव्हा कुठे बाहेर चपला वाजल्या. त्या तिथेच जिन्याच्या पायरीवर टेकल्या. त्यांना मिस्त्रीचं फार कौतुक वाटलं. पंधरा-सोळा दिवस काय या घरात राबला, किती छान मराठी बोलायला लागला.