देखभालीची पावती

अमेरिकेतल्या दुलुथचा हिवाळा तोंडावर आला होता, तळघरातली घर तापवणारी भट्टी खोकत होती, आणि घरातली यंत्रं बिघडली तर भरून देणारी घराची वॉरंटी घ्यायची की नाही हे मार्लिसला आजच ठरवायचं होतं. भट्टीसमोर बसून तिने वॉरंटीच्या कंपनीला फोन लावला. “बिघडली तर नवी देऊ, मॅडम,” विक्रेता म्हणाला, “फक्त देखभालीच्या पावत्या हव्यात.” “फिल्टर नवराच बदलायचा, दर वेळी भट्टीच्या पत्र्यावर तारीख लिहायचा. बावीस वर्षांच्या तारखा आहेत, वाचू?” “पावतीच लागेल.” “मग त्याने स्वतःलाच पावती फाडायची होती का?” “त्यांनाच विचारा ना, कागद असेल एखादा.” “दोन वर्षांपूर्वी वारला तो.” “फार वाईट झालं, मॅडम. आज नोंदणी केलीत तर पहिला महिना फुकट.” मार्लिसने फोन आपटला, काळवंडलेला फिल्टर काढून नवा बसवला. नवऱ्याच्या शेवटच्या तारखेखाली आजची लिहिली आणि पावती म्हणून सहीसुद्धा ठोकली.