टॅमरॅकची रिकामी जागा
कॅनडातल्या आमच्या टॅमरॅक गावात मेडिकल संपवून फॅमिली डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं कोणी फिरकलं नव्हतं, म्हणून गावच्या एकुलत्या एक डॉक्टर, म्हाताऱ्या ओडार्काबाई, सॅस्कटून शहरात जाऊन मेडिकलच्या मुलांच्या मेळाव्यात स्वतःच टेबल मांडून बसल्या. मी त्यांची नर्स, सोबतीला होते. गावातल्या बायकांनी बेरीचे केक करून दिले होते. मुलं यायची, केक खायची आणि पुढच्या टेबलाकडे सरकायची. डेल्फीन नावाची एक मुलगी मात्र थांबून प्रश्न विचारू लागली. तेवढ्यात तिचे सर्जन प्राध्यापक आमच्याच केकची बशी घेऊन आले. "काय गं, एवढी हुशार तू, सर्दी-खोकले तपासत आयुष्य काढणार?" ओडार्काबाई उठल्या आणि त्यांनी प्राध्यापकांच्या हातातली बशी काढून घेतली. "गेल्या हिवाळ्यात मी न्यूमोनियाने अंथरुणात होते. आमच्या गावातल्या मॅग्नसच्या छातीत कळ आली तेव्हा गावात दुसरा डॉक्टर नव्हता. इथे तुमच्या हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता. त्याला सर्दी झाली नव्हती, साहेब." प्राध्यापक हसले. "अहो, मी गंमत करत होतो." "मी करत नाहीये," बाई म्हणाल्या. डेल्फीन खाली मान घालून निघून गेली. ही पण हातची गेली, असं मला वाटलं. मार्चमध्ये मुलांनी पसंती दिलेल्या जागांचा निकाल लागला आणि आमच्या जागेपुढे तिचं नाव आलं. बाईंनी फोन लावून विचारलं, "इथे का यावंसं वाटलं तुला?" "फॅमिली डॉक्टरांची थट्टा कॉलेजात सगळेच करतात," डेल्फीन म्हणाली. "त्यावर कोणी चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं."