खटक्यासाठी भिंत

वायरमनने टेप अंगणातल्या टबाच्या काठाला लावली, घराच्या भिंतीपर्यंत ओढली आणि पुन्हा तेच उत्तर आलं. तीन फूट. त्याने टेप झटकली, चष्मा पुसला. तीन ते तीनच.

"नाही जमत, काका. टबाची वीज तोडायचा खटका आत बसलेल्याच्या हाताला लागता कामा नये. पाच फूट तरी लांब हवा. शिवाय टबातून समोर दिसला पाहिजे."

"हाताला लागला नाही तर बंद कसा करू?"

"तुम्ही नाहीच करायचा. आत काही झालं तर बाहेरच्याने धावत जाऊन करायचा. ओल्या हाताने तुम्ही केलात, तर पुढचं सगळं आम्हाला करावं लागेल."

काकांना गल्लीत धाकटे म्हणत, वय चौसष्ट असलं तरी. त्यांच्या कमरेने संप पुकारला होता. रोज वीस मिनिटं गरम पाण्यात बसा, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून टब आणला होता. गुरुवारी वीजखात्याची तपासणी होती. तीत नापास झाला तर कनेक्शन नाही, मग त्यात आळू लावू, असं बायकोने जाहीर केलं होतं.

वायरमनने अंगणभर नजर फिरवली. एकीकडे फाटक, दुसरीकडे झुडपांचं कुंपण. आणि कुंड्यांच्या रांगेपलीकडे, बरोबर समोर, एक भिंत. कोरडी, सरळ, जणू खटक्यासाठीच बांधलेली. त्याने तिकडे बोट केलं. धाकट्यांनी मान फिरवली, तीही कमरेला विचारून.

ती थोरल्या भावाची भिंत होती.

थोरले वीजखात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना साहेबच म्हणे. ते रस्त्याने निघाले की लोंबकळणाऱ्या वायरी आपणहून पट्टीत शिरत, असं पाहिलेले लोक आहेत. अकरा वर्षांपूर्वी धाकट्यांनी लॉन्ड्री काढली. उद्घाटनाला साहेब आले. फीत कापतील म्हणून मंडळी टाळ्या वाजवायच्या तयारीत. साहेब आत गेले, अर्थिंग शोधलं, सापडलं नाही, आणि त्यांनी वीज कापली. पंखे थांबले. पाहुण्यांनी घामाघूम होऊन सरबत घेतलं आणि काढता पाय घेतला.

तेव्हापासून दोघांत संवाद झाला तो एकदाच, आणि तोही मांजरामार्फत. साहेबांचं मांजर अंगणात आलं तेव्हा धाकटे त्याला म्हणाले, "मालकाला सांग, दूध आमच्याकडेही मिळतं." मांजर परत गेलं. निरोप पोचला की नाही, कळायला मार्ग नाही.

"जाऊन विचारा," बायको म्हणाली. "भिंत मागायचीय, किडनी नाही."

"त्या माणसाच्या हातात पुन्हा माझा खटका देऊ?"

"मग आळू लावते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे वायरमनला घेऊन कुंड्यांपाशी जाऊन उभे राहिले. एक हात कमरेवर, नजर आभाळात. आभाळालाच सांगावं तसं म्हणाले, "भिंत हवी होती. खटक्यासाठी."

साहेब झाडांना पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली, वायरमनच्या हातातून टेप घेतली आणि स्वतः मोजलं. नऊ फूट दोन इंच. मग त्यांनी फाटक पाहिलं, कुंपण पाहिलं, मधली मोकळी जमीन पाहिली. शेवटी कमरेत वाकलेल्या भावाकडे पाहिलं, आणि ते बराच वेळ. वायरमनने मनातल्या मनात सामान आवरायला घेतलं.

"तोडायचाच खटका आहे ना?" साहेब म्हणाले. "मग माझ्याच भिंतीवर शोभेल. पण एक अट. तू पाण्यात असेस्तोवर मी इथे खुर्ची टाकून बसणार. राखणीशिवाय खटका मला चालायचा नाही."

"रोज?"

"रोज."

"मी बोलणार नाही."

"मी तरी कुठे गप्पा मारायला बसतोय."

गुरुवारी निरीक्षक बाई आल्या. त्यांनी अर्थिंग तपासलं, खटका दोनदा पाडून पाहिला, मग धाकट्यांना टबात बसवून हात लांब करायला सांगितला. खटक्याखाली साहेब खुर्चीत बसले होते.

"अजून ताण," साहेब म्हणाले.

"ताणलाय, दादा."

म्हणून झाल्यावर ते धाकट्यांच्या ध्यानात आलं. ते गळ्यापर्यंत पाण्यात गेले. साहेबांनी पेपर उघडला, तो उलटा होता, आणि तसाच वाचायला सुरुवात केली.

"पाणी फार कढत नाही ना?" पेपरामागून आवाज आला.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे किती?"

फाटकापाशी बाई कागद भरत होत्या. "काम चोख आहे," त्या वायरमनला म्हणाल्या. "पण भिंत कशाला फोडलीत? अंगणातच सहा फुटांवर खांब रोवून त्यावर खटका बसवला असता, तरी मी पास केलं असतं."

वायरमनचा हा आयुष्यातला दुसरा टब होता. त्याने मागे वळून पाहिलं. ठीक म्हणजे किती, यावर दोघांचं जुंपलं होतं आणि वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"खांबाचं मला माहीत नव्हतं, बाई," तो हळूच म्हणाला. "साहेबांनाही नसणार. निवृत्त होऊन वर्षं झाली त्यांना."

बाईंनी कागदावर शिक्का मारला.

"त्यांना नसणार? अहो, हा खांबाचा नियम आम्हाला शिकवला तो त्यांनीच."