नव्या बेअरिंगची पूजा

सत्तावन्न सालच्या दसऱ्याला अकोटच्या एका जिनिंगमध्ये नवं बेअरिंग बसवलं. शेटजींनी स्वतःच्या हातानं त्याची पूजा केली. यंत्र सुरू झालं, नि तासाभरात बेअरिंग असं तापलं की भोवतीचा कापूस धुमसू लागला. यंत्र थांबवून शेटजी फिटरवर कडाडले, “नबी, तुले बसवताच येत नाही. चालता हो!”

नबीनं हातातल्या बाल्टीतलं पाणी धुमसत्या कापसावर ओतलं नि बेअरिंगच्या तेल ओतायच्या छिद्रात तार घातली. ओल्या कुंकवाचा नि अक्षतांचा घट्ट गोळा बाहेर आला.

शेटजींनी तो गोळा निरखून पाहिला. “हे तुले दिसलं नव्हतं?”

“दिसलं होतं, मालक. म्हून तं सकाळपासून पान्याची बाल्टी घेऊन उभा हाओ.”

“मंग काढलं काहून नाही?”

“तुमच्या पूजेले मी हात लावलेला तुमाले चालला असता?”