काचेवरचं शेवाळ

लेकाने हौसेने खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आणली आणि बघता बघता तिची काच शेवाळाने हिरवीगार झाली. लेक आणि सून घासून घासून दमले, पण मेलं शेवाळ काही हटेना. शेवटी त्याने टाकी विकणाऱ्या दुकानदारालाच घरी बोलावलं.

"टाकीतला लाइट किती वेळ चालू असतो?" काचेला नाक लावून दुकानदाराने विचारलं.

"संध्याकाळी आम्ही दोघं कामावरून आलो की लावतो. झोपताना बंद."

"तेवढ्याने एवढं शेवाळ धरत नाही, साहेब. दिवसाही कुणीतरी लाइट लावतंय."

मागे मी जिन्यात पडले, तेव्हापासून माझ्या काळजीपोटी दोघं बाहेरून कुलूप घालून जातात. कुलूप लागल्याचा आवाज आला की मी टाकीजवळ खुर्ची ओढते, बटण दाबते आणि त्यातल्या केशरी माशाशी संध्याकाळपर्यंत गप्पा मारते.

आता माझी चोरी उघडी पडणार, म्हणून मी त्याच खुर्चीत अंग चोरून बसले.

लेक मात्र हसला.

 

"छे हो! दिवसभर घरात असतंच कोण?"